नोयोरींचा रुथेनियम उत्प्रेरक: इंडॅनॉल, टेट्रॅलॉल, क्रोमॅनॉलसाठी किती कामाचा?

कीटोनचं क्षपण करून एकाच हाताचं अल्कोहोल बनवणं हे या उत्प्रेरकाचं काम. कॅटलॉगमध्ये या मालाचं नाव दीड ओळ खातं. मध्ये रुथेनियम, डोक्यावर पॅरा-सायमीनची छत्री, बाजूला एक क्लोराइड आणि टीएस-डीपेन नावाचं कायरल (डाव्या-उजव्या हातांसारखी, एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली दोन रूपं असणारं) डायअमीन. बाटली उघडली की नारिंगी ते तपकिरी पावडर दिसते. रेणुभार ६३६.२. एस,एस आणि आर,आर अशा दोन्ही हातांत मिळते आणि किमतीत सहसा फारसा फरक नसतो. नागोया विद्यापीठात र्‍योजी नोयोरींच्या गटाने १९९५ मध्ये ही रसायनं आयसोप्रोपेनॉलमध्ये वापरून दाखवली. पुढच्याच वर्षी फॉर्मिक अ‍ॅसिड आणि ट्रायइथिलअमीनची पद्धत आली आणि खरा उपयोग तिथून सुरू झाला. असममित हायड्रोजनेशनबद्दल नोयोरींना २००१ च्या नोबेलमधला वाटा मिळाला.

निकाल आधीच सांगतो. बेंझीनच्या कड्याला चिकटलेल्या पाच किंवा सहा घटकांच्या कड्यात कीटोन असेल, म्हणजे १-इंडॅनोन, १-टेट्रॅलोन, ४-क्रोमॅनोन आणि त्यांची भावंडं, तर हा माल निर्धास्त मागवावा. हायड्रोजनचा सिलिंडर नको, ऑटोक्लेव्ह नको, ग्लव्हबॉक्स नको, आणि ईई (एका हाताच्या रेणूंचं दुसर्‍यावरचं आधिक्य) ९७ ते ९९ टक्के. सायक्लोहेक्झॅनोनच्या घराण्यातलं, दोन्ही बाजूंना नुसता अल्किल असलेलं कीटोन असेल तर मात्र पैसे वाया जातील. आणि मालाविषयीच्या बहुतेक तक्रारी, म्हणजे ‘रिअ‍ॅक्शन सत्तर टक्क्यांवर अडकते’, ‘एका लॉटला चालतं, दुसर्‍याला नाही’, यांचं मूळ पावडरीत क्वचितच सापडतं. ते सापडतं फॉर्मिक-अमीन मिश्रणात आणि फ्लास्कमधून वायू बाहेर पडायच्या वाटेत.

असं का, हे समजायला यंत्रणा थोडी बघावी लागते. फॉर्मिक अ‍ॅसिडकडून रुथेनियम हायड्राइड घेतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. कीटोन धातूला थेट बांधलं जात नाही. रुथेनियमवरचा हायड्राइड कार्बोनिलच्या कार्बनकडे आणि अमीनवरचा प्रोटॉन ऑक्सिजनकडे, असे दोन्ही एकाच वेळी, सहा घटकांच्या कड्यासारख्या मांडणीत सरकतात. कीटोनची कुठली बाजू समोर येईल हे ठरवण्यात मोठा वाटा सायमीनच्या कड्यावरच्या सीएच आणि कीटोनच्या अ‍ॅरिल (बेंझीनसारख्या) कड्याच्या पाय-इलेक्ट्रॉनांमधल्या ओढीचा असतो. म्हणून अ‍ॅरिल कडं हवंच. २-मिथिलसायक्लोहेक्झॅनोनमध्ये उत्प्रेरकाला उजवं-डावं ओळखायला काही खूणच राहत नाही. उलट इंडॅनोनमध्ये अ‍ॅरिल आणि कार्बोनिल एकाच पातळीत जखडलेले असतात, त्यामुळे निवड आणखी चोख होते.

किमतीचा हिशेब

ग्रॅमचा भाव पाहून दचकायला होतं, पण भाग किती सबस्ट्रेटवर, म्हणजे ज्यावर काम करायचं त्या कीटोनवर, पडतो ते पाहावं. नेहमीचं प्रमाण ०.५ मोल टक्के, म्हणजे २०० ला १. एक ग्रॅम उत्प्रेरक म्हणजे १.५७ मिलिमोल. त्यातून ३१४ मिलिमोल, म्हणजे साधारण ४१.५ ग्रॅम इंडॅनोन निघतं. प्रमाण १००० ला १ वर नेता आलं तर तोच ग्रॅम २०७ ग्रॅमला पुरतो. चांगल्या, स्वच्छ इंडॅनोनवर हे जमण्यासारखं आहे, फक्त वेळ वाढतो. पुरवठादाराकडून आलेलं कीटोन तपकिरी पडलेलं असेल तर आधी ते शुद्ध करून घ्यावं. उत्प्रेरकाचं प्रमाण वाढवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

मिश्रण: इथेच अर्धा खेळ

फॉर्मिक अ‍ॅसिड आणि ट्रायइथिलअमीन यांचं मोलांत ५ ला २ हे प्रमाण ठरलेलं आहे. तयार मिश्रणही विकत मिळतं, पण घरी करणं अवघड नाही. १ मोल, म्हणजे ४६ ग्रॅम फॉर्मिक अ‍ॅसिड (९८ ते १०० टक्क्यांचं, सुमारे ३८ मिली) बर्फात ठेवलेल्या फ्लास्कमध्ये घ्यावं. ढवळत ढवळत ०.४ मोल, म्हणजे ४०.५ ग्रॅम ट्रायइथिलअमीन (सुमारे ५६ मिली) ड्रॉपिंग फनेलने थेंब थेंब सोडावं. उष्णता चांगलीच निघते आणि वर पांढरा धूर दाटतो. फ्यूमहूड, चश्मा आणि हातमोजे यांना पर्याय नाही. फॉर्मिक अ‍ॅसिडने कातडी भाजते. अमीन आधी घेऊन त्यात अ‍ॅसिड सोडलं तर सुरुवातीला अमीनच्या जास्तीमुळे दोन थर दिसतात, पण शेवटी मिसळतात. हाती ८० ते ८५ मिली पातळ, रंगहीन द्रव येतो. त्यात फॉर्मिक अ‍ॅसिड लिटरमागे साधारण १२ मोल असतं.

आपल्याकडे स्टोअरमध्ये बर्‍याचदा ८५ टक्क्यांचं फॉर्मिक अ‍ॅसिड पडलेलं असतं. ते चालतं का? पाणी या उत्प्रेरकाचं विष नाही, त्यामुळे चालतं. पण वजन सुधारायला लोक विसरतात. ४६ ग्रॅम अ‍ॅसिडसाठी ८५ टक्क्यांचं ५४ ग्रॅम घ्यावं लागतं आणि त्यातून ८ ग्रॅम पाणी आत येतं. सबस्ट्रेट पाण्याने बाहेर पडणारं असेल तर मग थोडं डायक्लोरोमिथेन किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल लागतं. न सुधारता मापलं की प्रमाण अमीनकडे झुकतं आणि वेग बदलतो. ‘लॉट बदलला’ अशी तक्रार आली की आधी अ‍ॅसिडच्या बाटलीवरचं लेबल बघावं. ट्रायइथिलअमीन पिवळं पडलं असेल तर ऊर्ध्वपातन करून घ्यावं.

लावायची कशी

दहा मिलिमोलचं माप धरू. ५० मिलीचा दोन तोंडांचा आरबी फ्लास्क, चुंबकीय ढवळणी, नायट्रोजनची नळी आणि बाहेर तेलाचा बबलर. १-इंडॅनोन १.३२ ग्रॅम, वरचं मिश्रण ५ मिली. यातून नायट्रोजन दहा-पंधरा मिनिटं बुडबुडवून ऑक्सिजन काढावा. मग उत्प्रेरक ३२ मिलिग्रॅम. पावडर हवेत तोलायला हरकत नाही, घन स्वरूपात ती टिकते. द्रावणातला हायड्राइड मात्र ऑक्सिजनने बिघडतो, म्हणून डीगॅसिंग टाळू नये. नोयोरींच्या मूळ पद्धतीत तापमान २८ °से आहे. मुंबईत बहुतेक महिने ते म्हणजे खोलीचंच तापमान. १-इंडॅनोन आणि १-टेट्रॅलोनला या तापमानाला दोन दिवस द्यावे लागतात. ३५ ते ४० °से ला वेळ बराच कमी होतो आणि ईई जवळजवळ तसाच राहतो. ५०-६० च्या वर नेऊ नये. उत्प्रेरक लवकर मरतो आणि फॉर्मिक अ‍ॅसिडही वाया जातं.

रंग बघत राहावा. नारिंगी-लालसर द्रावण म्हणजे सगळं ठीक. बेसच्या जास्तीत, फॉर्मिक अ‍ॅसिड नसताना, क्लोराइड निघून जाऊन सोळा इलेक्ट्रॉनांचा जांभळा कॉम्प्लेक्स दिसतो. तोच खरा उत्प्रेरक, हायड्रोजन मिळाला की पुन्हा पिवळा-नारिंगी होतो. पण द्रावण काळपट तपकिरी होऊन गाळ बसायला लागला तर सायमीनची छत्री उडालेली असते. मग ताजा उत्प्रेरक टाकण्यावाचून उपाय नाही.

वायूला वाट द्या

१० मिलिमोल कीटोन पूर्ण झालं तर फक्त त्या कामातून १० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड, म्हणजे २४० मिलीच्या आसपास वायू निघतो. पण हाच उत्प्रेरक फॉर्मिक अ‍ॅसिडचं थेट हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडमध्येही विघटन करतो. ५ मिली मिश्रणात जवळजवळ ६० मिलिमोल अ‍ॅसिड आहे. सगळं फुटलं तर एकूण वायू अडीच लिटरच्या वर जातो. ५० मिलीच्या बंद फ्लास्कमध्ये याचा अर्थ सुमारे पन्नास अ‍ॅटमॉस्फिअर. सेप्टम लावून, फुगा न लावता, सील केलेली व्हायल रात्रभर सोडून देणं हा या रिअ‍ॅक्शनमधला सर्वात धोकादायक हलगर्जीपणा. बाहेर पडणार्‍या वायूत हायड्रोजन असतो, म्हणून जवळ हीटगन किंवा ठिणगी नको.

वाट उघडी ठेवण्याचा दुसरा फायदा वेगाचा. कार्बन डायऑक्साइड द्रावणात साठून राहिला तर तो हायड्राइडशी परत जोडला जाऊन फॉर्मेट बनतो आणि चक्र मंदावतं. म्हणून मोठ्या बॅचमध्ये नायट्रोजन वरून फिरवण्याऐवजी द्रवातूनच हळू बुडबुडवतात. त्याच प्रमाणात उत्प्रेरक असूनही रिअ‍ॅक्शन स्पष्टपणे लवकर संपते. १०० ग्रॅम इंडॅनोनची बॅच असेल तर साडेअठरा लिटर कार्बन डायऑक्साइड निघणार, हे गृहीत धरून व्हेंटची नळी आणि फेसासाठी वरची मोकळी जागा ठरवावी. अर्धा भरलेला फ्लास्कही एकदम फेसाळून वर येऊ शकतो.

सत्तर टक्क्यांवर अडकली तर

टीएलसीवर (पातळ थरावर ठिपके वेगळे करणारी तपासणी) कीटोन हटत नाही म्हणून लोक उत्प्रेरकाची दुसरी मात्रा टाकतात. बहुतेक वेळा ती पूर्ण वाया जाते, कारण संपलेलं असतं फॉर्मिक अ‍ॅसिड. अ‍ॅसिड फुटून उडून जातं, अमीन मागे राहतं, आणि मिश्रण ५ ला २ वरून हळूहळू बेसकडे सरकतं. रंग जांभळट होऊ लागला तर खात्रीच. आधी फक्त फॉर्मिक अ‍ॅसिड थेंब थेंब टाकून प्रमाण परत आणावं. १० मिलिमोलच्या मापात अर्धा ते एक मिली पुरे. दोन तासांत कीटोनचा ठिपका फिका व्हायला लागला तर निदान बरोबर. नाही झाला तर मग उत्प्रेरकाकडे वळावं.

मोठ्या प्रमाणावर हीच गोष्ट उलट फिरवून फायद्याची करतात. सुरुवातीला सहा पट अ‍ॅसिड ओतण्याऐवजी कीटोन, ट्रायइथिलअमीन आणि उत्प्रेरक इथिल अ‍ॅसिटेट किंवा अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये घेतात आणि फॉर्मिक अ‍ॅसिड पंपाने काही तासांत हळू सोडतात. दीड ते दोन पट अ‍ॅसिडमध्ये काम होतं, वायू ठरलेल्या वेगाने निघतो आणि उष्णताही हाताबाहेर जात नाही.

आयसोप्रोपेनॉल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडची जुनी पद्धत स्वस्त वाटते, पण या अल्कोहोलसाठी ती टाळावी. तिथे रिअ‍ॅक्शन दोन्ही दिशांनी चालते. इंडॅनॉल आणि टेट्रॅलॉल ही बेंझिलिक (बेंझीनच्या कड्याला लागूनच्या कार्बनवरची) अल्कोहोलं सहज परत कीटोन होतात. म्हणून रूपांतर अर्ध्या-पाऊण वाटेवर थांबतं आणि जास्त वेळ ठेवलं तर ईई खाली येतो. फॉर्मिक अ‍ॅसिडमध्ये कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि परतीची वाटच बंद होते. लहान मापात पाच पट सोडियम फॉर्मेट घालून पाण्यात ४० °से ला करायची पद्धतही चांगली चालते. लिव्हरपूलच्या च्यानलियांग श्याव यांच्या गटाने ती पुढे आणली. इंडॅनोन ४० °से च्या आसपास वितळतं, त्यामुळे ते तेलासारखं पसरतं, पण ढवळणी जोरात हवी. त्याहून जास्त तापमानाला वितळणार्‍या कीटोनचे गोळे भिंतीला चिकटून राहतात.

वर्कअप: इथे घाई महागात जाते

इथिल अ‍ॅसिटेट ३० मिली घालून पाण्याने धुवावं, मग सोडियम बायकार्बोनेटच्या संपृक्त द्रावणाने. सेपरेटिंग फनेल आधी उघडी ठेवूनच फिरवावी, उरलेलं अ‍ॅसिड फसफसतं. मग ब्राइन, सोडियम सल्फेट, रोटाव्हॅप. बाथ ४० °से च्या वर नको.

हा बायकार्बोनेटचा टप्पा का महत्त्वाचा? इंडॅनॉल आणि टेट्रॅलॉल दोघांचाही कार्बिनॉल कार्बन बेंझिलिक आहे. अ‍ॅसिडचा अंश शिल्लक ठेवून रोटावर ऊन केलं की पाणी निघून जातं. इंडॅनॉलचं इंडीन होतं, टेट्रॅलॉलचं १,२-डायहायड्रोनॅफ्थलीन. त्याआधीच थोडंसं कार्बोकॅटायन बनून रॅसिमायझेशन होतं, म्हणजे दोन्ही हात मिसळतात. म्हणजे उत्प्रेरकाने दिलेला ९९ टक्के ईई फनेलमध्ये घालवायचा. कॉलम लावायचाच असेल तर सिलिका १ टक्का ट्रायइथिलअमीनने आधी शांत करून घ्यावी. टेट्रॅलॉलला याची जास्त गरज. एनएमआरचा नमुना क्लोरोफॉर्ममध्ये दोन दिवस ठेवू नये, त्यातल्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडनेही हेच होतं.

दुसरी ठरलेली भानगड फॉर्मेट एस्टरची. लांब चाललेल्या किंवा गरम केलेल्या बॅचमध्ये तयार अल्कोहोलचा थोडा भाग फॉर्मिक अ‍ॅसिडशी एस्टर बनवतो. टीएलसीवर तो कीटोनच्या जवळपास पळतो आणि रिअ‍ॅक्शन अपुरी असल्याचा भास होतो. प्रोटॉन एनएमआरवर ८ पीपीएमच्या आसपास फॉर्मिलचा सिंगलेट दिसला की ओळख पटली. मिथेनॉलमध्ये चिमूटभर पोटॅशियम कार्बोनेट घालून अर्धा-एक तास खोलीच्या तापमानाला ढवळलं की तो पुन्हा अल्कोहोल होतो आणि कायरल कार्बनला धक्का लागत नाही.

मोजायचं कसं

कीटोन आणि अल्कोहोल यांची ओळख एनएमआरवर सोपी आहे. इंडॅनॉलचा कार्बिनॉल प्रोटॉन ५.२ ला, इंडॅनोनचा कार्बोनिलशेजारचा सीएच-टू २.७ ला. टेट्रॅलॉलचा ४.८ च्या आसपास. टीएलसीवर डीएनपी (कीटोनला रंग आणणारं अभिकर्मक) मारली की कीटोनचा ठिपका नारिंगी उठतो, अल्कोहोल गप्प राहतं.

ईई साठी एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजणारं यंत्र) कायरलसेल ओडी-एच कॉलम, हेक्झेन आणि आयसोप्रोपेनॉल ९५:५, २२० नॅनोमीटर, इथून सुरुवात करावी. आधी रॅसिमिक, म्हणजे दोन्ही हात समसमान असलेला, नमुना हवाच. एक मिलिमोल कीटोन मिथेनॉलमध्ये ० °से ला सोडियम बोरोहायड्राइडने क्षपण करून तो पंधरा मिनिटांत बनतो. दोन शिखरं समान क्षेत्रफळाची दिसल्याशिवाय पुढचा एकही आकडा मानू नये. उरलेलं कीटोन लहान शिखराखाली लपलं तर ईई खोटा कमी दिसतो. २२० ला कीटोनचं शोषण अल्कोहोलपेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे दोन टक्के कीटोनही आकडा बिघडवतं. नमुना सिलिकाच्या लहान प्लगमधून काढावा, नाहीतर रुथेनियम कॉलमच्या तोंडाशी बसून राहतं आणि तो कॉलम स्वस्त नसतो.

एकाच हाताचं शुद्ध १-इंडॅनॉल घन असतं, ७० °से च्या आसपास वितळतं. रॅसिमिक ५० ते ५४ ला. हेक्झेनमधून स्फटिक केले तर ९६-९७ चा माल बहुधा वर चढतो. वितळण्याचा आकडा हीच पहिली झटपट तपासणी.

कुठे हात टेकतो

क्लोरो, ब्रोमो, नायट्राइल, एस्टर, नायट्रो हे गट तसेच राहतात. ब्रोमोइंडॅनोनवर पुढे सुझुकी (ब्रोमीनच्या जागी नवा कार्बन गट जोडणारी रिअ‍ॅक्शन) करायची असेल तर हा मोठा फायदा, पॅलेडियम-कार्बनवर ब्रोमीन टिकलं नसतं. ४-क्रोमॅनोन आणि थायोक्रोमॅनोन व्यवस्थित चालतात. २-सायक्लोहेक्झेनोनसारख्या एनोनवर (कार्बोनिलला लागून दुहेरी बंध असलेलं कीटोन) मात्र दुहेरी बंधालाही हात लागू शकतो, मिश्रण हाती येतं. २,२-डायमिथिलटेट्रॅलोनसारखी कार्बोनिलशेजारी दाटी असलेली कीटोनं जड जातात. इंडॅनोनच्या ७ व्या आणि टेट्रॅलोनच्या ८ व्या जागी मोठा गट असेल तरी वेग पडतो, पण कार्बोनिल पुरेसं इलेक्ट्रॉन-भुकेलं असेल तर ही अडचण पार होते. याचं उत्तम उदाहरण औषधांतून आहे. बेल्झुटिफॅन हे २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं औषध. त्याच्या आधीचा पीटी-२३८५ हा रेणू २,२-डायफ्लुओरोइंडॅनोनवर, शेजारी ७ व्या जागी मिथिलसल्फोनिल असतानाही, याच आर,आर उत्प्रेरकाने आणि फॉर्मिक अ‍ॅसिड-ट्रायइथिलअमीनने बनवला गेला.

दोन कायरल कार्बन एकदम हवे असतील तर या मालाची खरी मजा दिसते. कीटोनच्या शेजारच्या कार्बनवर एकच, अम्लधर्मी हायड्रोजन असेल, उदाहरणार्थ शेजारी एस्टर असेल, तर मिश्रणातलं ट्रायइथिलअमीन तो कार्बन सतत उलटापालटा करत राहतं आणि उत्प्रेरक फक्त एकाच बाजूचं कीटोन उचलतो. पन्नास टक्क्यांची मर्यादा मोडून जवळपास पूर्ण माल एकाच, बहुधा सिस, स्वरूपात मिळतो. इथे तापमान आणि अमीनचं प्रमाण दोन्ही सांभाळावे लागतात. उलटापालट क्षपणापेक्षा मंद झाली की सिस-ट्रान्स प्रमाण ढासळतं.

पर्याय

कोरींच्या गटाची सीबीएस ही बोरेनने क्षपण करायची पद्धत इंडॅनोन-टेट्रॅलोनवर ईई छान देते, पण बोरेन कोरडं हवं आणि उत्प्रेरक ५ ते १० मोल टक्के लागतो. पावसाळ्यात ओलाव्याशी झगडण्यापेक्षा फॉर्मिक अ‍ॅसिड परवडतं. नोयोरींचाच बायनॅप-डायअमीनवाला हायड्रोजनेशन उत्प्रेरक साध्या अ‍ॅसिटोफेनोनवर अफाट असला तरी टेट्रॅलोनवर लंगडा पडतो. त्यासाठी १,४-डायअमीनवाली वेगळी जात २००४ मध्ये आणावी लागली. प्लँटवर एन्झाइम हा तगडा प्रतिस्पर्धी आहे, पण नव्या सबस्ट्रेटसाठी स्क्रीनिंग किट लागतं आणि इथे एका दुपारी उत्तर मिळतं. याच घराण्यातले, डायअमीन आणि वरचं कडं साखळीने एकमेकांना बांधलेले उत्प्रेरक, म्हणजे वॉरिकच्या मार्टिन विल्स यांच्या गटाचे आणि ताकासागो कंपनीचा डेनेब, जास्त टिकाऊ आणि वेगवान आहेत. छत्री उडायचा प्रश्नच तिथे कमी. किलोत काम असेल किंवा कीटोन अडेलतट्टू असेल तर ते तपासावेत. ग्रॅमच्या कामासाठी जुनी नारिंगी पावडर पुरेशी आहे.

विकत घ्यावा की स्वतः बनवावा? टीएस-डीपेन लिगंड (धातूला बांधलं जाणारं तेच डायअमीन) कपाटात असेल तर बनवणं अगदी सोपं आहे. रुथेनियम-सायमीन डायमर १.५३ ग्रॅम (२.५ मिलिमोल), लिगंड १.८३ ग्रॅम (५ मिलिमोल), ट्रायइथिलअमीन १.४ मिली, आयसोप्रोपेनॉलमध्ये ८० °से ला एक तास. आटवून घन गाळावा, थोड्या पाण्याने धुऊन वाळवावा. वेगळा न काढता तसाच वापरायचा असेल तर लिगंड किंचित जास्त घ्यावा. मोकळा डायमर उरला तर तो कायरल नाही, आणि त्याने केलेलं काम रॅसिमिक. विकतच्या मालाचा फायदा म्हणजे एक तोलाई कमी आणि लॉटचा कागद. पण कागदावर विसंबू नये. नारिंगी द्रावणाचं ऑप्टिकल रोटेशन नीट मोजता येत नाही. अ‍ॅसिटोफेनोनवर २०० ला १ प्रमाणात एक दिवस चालवून ९७-९८ टक्के ईई येतो का पाहणं हीच खरी कसोटी. एनएमआरमध्ये ७.१ ला मोकळ्या सायमीनचे सिग्नल दिसले तर माल जुना झाला आहे. बाटली घट्ट बंद, अंधारात, थंड जागी. द्रावण करून ठेवू नये.

औषधासाठी काम असेल तर रुथेनियमचा हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवावा. औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणार्‍या आयसीएचच्या क्यू३डी मार्गदर्शिकेनुसार तोंडावाटे घेण्याच्या औषधात रुथेनियमची दैनिक मर्यादा १०० मायक्रोग्रॅम. ०.५ मोल टक्क्यांवर १.३४ ग्रॅम इंडॅनॉलमध्ये ५ मिलिग्रॅम रुथेनियम, म्हणजे काहीच काढलं नाही तर ३,७०० पीपीएमच्या वर. सिलिका प्लगने बराचसा रंग जातो. सक्रिय कोळसा किंवा थायॉल लावलेली सिलिका वापरून आणखी उतरतं, आणि स्फटिकीकरण उरलेलं काम करतं. द्रावण रंगहीन दिसलं म्हणजे रुथेनियम गेलं असं नाही, आयसीपी (धातूंचं प्रमाण मोजणारी तपासणी) करूनच मानावं.

ऑर्डर देताना हात नीट बघा. एस,एस उत्प्रेरक इंडॅनोन, टेट्रॅलोन आणि क्रोमॅनोनवर एस अल्कोहोल देतो. पण शेजारच्या कार्बनवर फ्लोरीन किंवा क्लोरीन आलं की नामकरणाचा अग्रक्रम बदलतो. हायड्राइड त्याच बाजूने येतं, नावातलं अक्षर मात्र उलटतं. म्हणूनच पीटी-२३८५ चं एस अल्कोहोल आर,आर उत्प्रेरकाने बनतं. रेणू कागदावर काढून, इंडॅनोनशी ताडून मगच बाटलीचं अक्षर ठरवावं. पहिल्यांदा मागवत असाल तर दोन्ही हातांची लहान बाटली घ्या. एकाने हवा तो माल मिळेल आणि दुसर्‍याने एचपीएलसीवर ताडायला विरुद्ध हाताचा नमुना.